हिरामण आबांचा तवा

हिरामण आबा रोज सकाळी स्कूटरवरून एक तवा घेऊन जात आणि संध्याकाळी तोच तवा परत घरी आणत.

तवा म्हणजे पोळ्यांचा नव्हे. ट्रॅक्टरमागे जो कुळव जोडतात, त्याला लोखंडाच्या गोल थाळ्या असतात. शेतकरी त्यांना तवे म्हणतात. असला एक तवा, चांगला परातीएवढा, मधे भोक पडलेला, कडा झिजून पातळ झालेल्या, आबांच्या दोन पायांच्या मधे स्कूटरच्या फळीवर उभा असे. थंडीच्या दिवसांत त्याला त्यांच्या घरच्या काकूंची जुनी शाल गुंडाळलेली असे. शाल कशाला, असं मी एकदा विचारलं.

"गार लोखंड पायाला लागतं, ताई. तव्याला थंडी वाजती म्हनून न्हाई. तेवढा काय मी येडा न्हाई."

त्यातला 'तेवढा' हा शब्द मला फार आवडला.

मी मूळची शनिवार पेठेतली. बँकेतून निवृत्त झाले आणि हडपसरच्याही पलीकडे, बोरमळ्यात, नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. पेठेतले नातेवाईक अजून फोनवर "तिकडे पाऊस आहे का?" असं विचारतात, जणू मी परराज्यात राहते. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी आबांचं शेत होती. पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आले तेव्हा आबांनी घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुमचं सैपाकघर म्हंजे आमचा कांदा. हितं पुढं घेवडा. आन् ह्या कोचाच्या अंगाला पान्याचा पाट." मग कोचावर बसताना त्यांनी खरोखर पाय उचलून तो पाट ओलांडला. तेव्हापासून मीही कधी कधी ओलांडते.

तर हा तवा. सोसायटीच्या ग्रुपवर त्याबद्दल बरीच चर्चा झालेली होती. आबांची डोशाची गाडी आहे असं एक मत होतं. काही तरी नवस असावा असं दुसरं. शेवटी मी एक दिवस सरळ त्यांच्या स्कूटरमागे चालत गेले; आबा ती चालत्या माणसाच्याच वेगाने हाकतात. आबा बोरमळ्याच्या प्राथमिक शाळेपाशी थांबले. अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला तारेचा आकडा होता. त्यात त्यांनी तवा अडकवला, खिशातून लोखंडी कांब काढली आणि ठोके दिले. घरात लांबून ऐकू येणारा आवाज हाच होता; पण जवळून इतका गोड, लांबत जाणारा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पोरं धावत आली. आबांनी कांब खिशात घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घंटा हाय. शाळंची."

शाळेची घंटा शाळेत का राहत नाही, याला मोठा इतिहास आहे. तो मी आबांकडून इतक्यांदा ऐकला आहे की मी तिथे हजर होते असंच मला आता वाटतं.

बोरमळा गाव महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे शहरात, आला तो एका दिवसात. शाळेला मात्र शहरात यायला बराच काळ लागला. ती जिल्हा परिषदेची होती, ती महापालिकेकडे जायची होती, आणि मधल्या काळात ती कोणाचीच नव्हती. शाळेवर एकच शिक्षिका, शेंडगे बाई. बाईंचा पगार जिल्ह्याचा, वह्या-पुस्तकं शहराची, आदेश राज्याचे आणि खडू आबांचे. अखेर एक दिवस जिल्ह्याचे साहेब आणि शहराचे साहेब असे दोघे मिळून आले आणि वस्तू वाचून ताब्यात देऊ-घेऊ लागले. खुर्ची एक, हात मोडलेली. फळा एक. भारताचा नकाशा एक. पृथ्वीचा गोल एक, आसाविना. सगळं जुळलं. मग शहराच्या साहेबांची नजर लिंबाकडे गेली.

"हे काय?"

"घंटा."

"यादीत नाही."

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, आमची घंटा पितळी होती, ती चोरीला गेली, तशी नोंद आहे. हे खरंच होतं. पितळी घंटा गेली त्याच दिवशी आबांनी आपल्या कुळवाचा एक तवा सोडवून शाळेला लावला होता आणि पुढे जमीन विकेपर्यंत एक तवा कमी असलेला कुळव चालवला होता. शहराचे साहेब म्हणाले, जे तुम्ही दिलंच नाही ते आम्ही घेणार कसं? आणि यादीबाहेरची वस्तू आवारात राहिली तर उद्या उत्तर कोण देणार? दोघेही अडून बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला. तेव्हा आबा पुढे झाले.

"सायेब, वस्तीला न्हाई ठेवत. सकाळी आनतो, सांजच्याला नेतो. पाव्हना म्हनून चालंल का?"

दोन्ही साहेबांनी पुष्कळ विचार केला. पाहुण्याविरुद्ध दोघांनाही नियम आठवेना. तेव्हापासून तवा हा शाळेचा पाहुणा झाला, आणि आबा त्याचे सारथी.

आता आबांच्या पेटंट वाक्याकडे येऊ. एका पावसाळ्यात शाळेचा पत्रा गळू लागला. आबा जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. तिथे कळलं की शाळा शहराकडे गेली. शहराच्या ऑफिसात कळलं की शाळा आली आहे, पण दुरुस्तीचा विषय अजून आमच्या अखत्यारीत येत नाही. राज्याच्या खात्यात गेले, तर तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं की प्राथमिक शाळा हा स्थानिक संस्थांचा विषय आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही, तुम्ही वर कळवा. "आता वर म्हंजे कुठं?" आबा मला विचारत होते. "वर तर पत्रा. आन् गळतोय तोच!"

पत्रा शेवटी आबांनीच चढून बदलला. पण त्या हेलपाट्यांतून त्यांनी एक वाक्य मात्र घरी आणलं. आबांचं सगळं बोलणं अस्सल बोरमळ्याचं, फक्त हे एक वाक्य ते बातम्या देणाऱ्या बाईंसारखं स्वच्छ, ठासून म्हणत: "हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही."

काकूंनी कोथिंबीर आणायला सांगितली, की हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. भाच्यासाठी आलेल्या मुलीकडच्यांनी पत्रिका विचारली, की येत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी साखर का वाढली असं विचारलं, तेव्हा आबांनी काकूंकडे बोट केलं: "गोडाचा इषय तिकडं हाय. आमच्या अखत्यारीत येत नाही." एकदा माझ्या घरी पंखा बंद पडला. आबांनी स्टुलावर चढून तो सुरू केला, हात झटकले, आणि मी आभार मानू लागताच तेच म्हणाले. म्हणजे काम करूनही ते त्यांच्या अखत्यारीत येत नव्हतं. ऑफिसात याच्या नेमकं उलट असतं.

या वाक्याला बोरमळ्यात एकच उतारा होता, आणि तो पारूकाकूंकडे होता.

पारूकाकू म्हणजे आबांच्या सौभाग्यवती. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि आबांचं काहीही मनावर न घेणाऱ्या. बोरमळा शहरात घ्यावा की नाही यावर ग्रामसभा भरली होती, तेव्हा आबा उपसरपंच होते. सभेत ठराव वाचला गेला आणि सगळ्यांच्या आधी आबांचा हात वर गेला. आबांचा गेला म्हणून मग भराभर सगळ्यांचे गेले. नळ येणार होते, गटारं येणार होती, बस दारात येणार होती. त्यातलं आलं काय, तर घरपट्टी. टँकर आला नाही, की काकू रिकामा हंडा आबांसमोर आदळत आणि म्हणत, "घ्या! करा अजून हात वर!" गटार तुंबलं, "करा हात वर!" होती ती एसटीही बंद झाली, "करा की हात वर!" नातवाला दूध पिताना ठसका लागला तरी त्या एकदा हेच म्हणाल्याचं मी ऐकलं आहे.

यावर मात्र आबा तिथे थांबत नसत. उठून अंगणात जात आणि तव्याची कांब पुसत बसत. हा थट्टेचा भाग आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

माझं त्या शाळेत जाणं-येणं सुरू झालं ते आबांमुळेच. "रिकाम्याच असता," असं त्यांनी मला सरळ तोंडावर सांगितलं, आणि दर गुरुवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे लागलं. गेले आणि अडकले. मी स्वतः पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत शिकले. आमच्या शाळेला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, पण मुख्याध्यापक बाईंना वाटेत पाहिलं की आख्खी गल्ली पायरीवरून उठून उभी राहायची. शिपाई घंटा द्यायचा तेव्हा समोरचा वाणीही दुपारचं दुकान बंद करायचा. त्या शाळेच्या जागी आता गाड्या लावतात. मी कधी तिथून जाते, तेव्हा तिसरीचा वर्ग कुठे होता हे शोधत उभी राहते आणि कोणी तरी मागून हॉर्न वाजवतं. बोरमळ्याच्या पत्र्याखाली बसलं, ओल्या दप्तरांचा वास आला, की मला ते सगळं परत मिळायचं. खोटं कशाला सांगू, पोरांपेक्षा मीच गुरुवारची वाट बघत असे.

आबांचीही एक जुनी शाळा होती, आणि ती याच जागेवर होती. "तवाच्या येळची शाळा येगळी, ताई," ते लिंबाखाली बसून सांगत. "भिताड पडलं, की ज्याच्या गाडीत दगूड आसंल त्यानं टाकायचा. मास्तर आजारी पडलं, की डबा गावातनं. पंधरा आगष्टला जिलबी माझ्या म्हाताऱ्याची. एकदा मास्तरची बदली निघाली, तर बायकांनी यष्टीच आडवली! शाळा सरकारचीच व्हती म्हना. पन गावाला ते म्हाईत नव्हतं."

आता ते सगळ्यांना माहीत झालं होतं. गावातली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात. आबांचा मुलगा खराडीला राहायला गेला, त्याची दोन्ही मुलं तिकडच्याच कुठल्या तरी मोठ्या शाळेत. बोरमळ्याच्या शाळेत उरली होती ती वाशीम, लातूर, यवतमाळकडून आलेल्या लोकांची मुलं: कुणाचे वडील वॉचमन, कुणाची आई बांधकामावर. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची पायल त्यातच होती. दुसरीत, शिडशिडीत, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "मग पुढं?" विचारणारी. आबांच्या बंगल्यात खोल्या पुष्कळ आणि माणसं दोनच होती. शाळा सुटली, की आबा तवा काढायला येत ते जरा लवकरच येत.

मग राज्याचं धोरण आलं. ज्या शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, फार कमी, ती शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकायची. आमच्या जवळची मोठी शाळा हायवेच्या पलीकडे होती. कागदावर अंतर अगदी किरकोळ होतं. कागदावर हायवे नव्हता. डंपर, सिमेंटच्या गाड्या, कंपन्यांच्या बस, आणि त्या सगळ्यांना घाई. मोठी माणसं तिथे रस्ता ओलांडताना एकमेकांचा हात धरतात.

शेंडगे बाई मला हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, ती शाळा चांगली आहे हो. इयत्तेला एक शिक्षक आहे, संगणक आहेत. इथे मी एकटी चार वर्ग सांभाळते. मुलांचं काय शिकून होतंय ते मला माहीत आहे." बाई काही चूक बोलत नव्हत्या. आबांनाही ते कळत होतं. ते फक्त एकच प्रश्न घेऊन पुन्हा तिन्ही ऑफिसांत फिरले: "रस्ता कोन पार करून देनार?" शहराने सांगितलं, हा निर्णय राज्याचा आहे. राज्याने सांगितलं, अंमलबजावणी शहराची आहे. जिल्ह्याने चहा पाजला. आणि रस्ता? रस्ता तर चौथ्याच कुणाचा तरी निघाला.

मग आबांनी ठरवलं की पटच वाढवायचा. ते बांधकामांवर जाऊन पोरं गोळा करू लागले. खिशात शेंगदाण्याचे लाडू. "शाळंत येतो का? रोज लाडू." सळ्यांच्या ढिगाऱ्यामागून, पत्र्याच्या खोल्यांतून त्यांनी खरंच पोरं काढली. वर्गात दाटी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला, पण हसत लावला. आणि त्याच सुमारास तपासणीचा दिवस ठरला. राज्याकडून एक साहेब आणि शहराकडून एक मॅडम पट मोजायला येणार होते.

इथे आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, आणि गल्ली अरुंद म्हणून टँकर शाळेच्या फाटकाशी थांबतो. तो कधी येईल याचा नेम नाही. म्हणून आबांनी फार पूर्वीच बंदोबस्त करून ठेवला होता: मोजके ठोके म्हणजे शाळा, आणि न थांबता बडवत राहिलं म्हणजे टँकर.

तपासणी नेमकी गुरुवारी होती, म्हणून मीही तिथे होते. मुलं तेल लावून, भांग पाडून बसलेली. आबांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं, जे ते फक्त लग्नात नेसतात. साहेब सभ्य होते. त्यांनी मुलांकडे पाहिलं, खूश झाले, आणि बसता बसता सहज म्हणाले, "घंटा छान आहे हो तुमची. वेगळीच."

बस. इतक्या वर्षांत त्या तव्याला कुठल्याही ऑफिसाने चांगलं म्हटलं नव्हतं. आबांचा चेहरा उजळला. "ऐका तर खरं, सायेब!" असं म्हणून त्यांनी कांब काढली आणि सुरू झाले. ठोक्यावर ठोका. साहेब मान डोलवत होते, त्यामुळे आबांना आणखी जोर चढला. मी हातवारे करत होते, बाई करत होत्या, पण आबांनी डोळे मिटले होते.

पहिला हंडा फाटकात दिसला. त्यामागे दोन कळशा. मग घागरी, बादल्या, एक पिंप, आणि "सरका, सरका" करत आख्खी वस्ती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, जे एरवी कोणाशी बोलत नाहीत, ते बर्म्युडात निळा कॅन घेऊन पळत आले. आणि वर्गातली मुलं? पाणी आलं की आईला हात द्यायचा, हे त्या मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं असतं. एकेक करून सगळी उठली आणि सुसाट बाहेर. पट मोजायला आलेल्या साहेबांच्या देखत पट पळून गेला. वर्गात उरली ती एकटी पायल, कारण मी सांगत असलेली गोष्ट अर्धी राहिली होती.

"मुलं कुठे गेली?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याला," बाई म्हणाल्या.

"पण पाणी कुठंय?"

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "पाणीपुरवठा वेगळं खातं आहे. हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही."

आबांनी डोळे उघडले. समोर भांडी घेऊन उभी असलेली वस्ती, रिकामा वर्ग, आणि हातात कांब. गर्दीतून पारूकाकू हंडा घेऊन पुढे आल्या होत्या. त्यांचं ठरलेलं वाक्य ओठावर आलेलं मी स्पष्ट पाहिलं. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

शाळा मिसळायची, असा आदेश उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. साहेब खरंच सभ्य होते. त्यांनी फोन करून आबांना सांगितलं, "काका, घंटेमुळे नाही हो. आमचं आधीच ठरलं होतं. त्या दिवशी मुलं बसून राहिली असती तरी हेच झालं असतं." आबांनी "बरं" म्हटलं, पण ते त्यांना पटलं नाही.

टेम्पो आला. पुन्हा वस्तू वाचल्या गेल्या. खुर्ची एक. फळा एक. आसाविना पृथ्वी. सगळं टेम्पोत चढलं आणि हायवेकडे गेलं. तव्याचं नाव कोणी घेतलं नाही. सुट्टीतही टँकरसाठी आणलेला तो आबांनी आकड्यातून काढला, शाल गुंडाळली आणि स्कूटरवर ठेवला. मे महिना होता, लोखंड तापलेलं होतं. शालीची काही गरज नव्हती.

पुढे बरेच दिवस सकाळ अगदी मुकी गेली. मी एक दिवस बंगल्यावर गेले. तवा दिवाणखान्यात टीव्हीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. आबा त्याच्यासमोर. टीव्ही बंद.

"बोलत न्हाईत," काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "कोथमीर आना म्हनलं, तर मुकाट्यानं आनली. आखत्यारी न्हाई, काय न्हाई." त्यांना खरंच काळजी वाटत होती.

मी बाहेर येऊन बसले. आबाच बोलले, तव्याकडे बघत.

"ताई, त्या सभेला म्याच ह्यो तवा वाजवून गाव गोळा केलं व्हतं. शाळंच्याच अंगनात. आन् म्याच पयला हात वर केला." त्यांनी तव्यावरची धूळ बोटाने पुसली. "लोकं म्हनत्यात प्लाटाला भाव यावा म्हनून केला. तसं मनात न्हवतं आसं म्या म्हननार न्हाई. पन देवाशपत सांगतो, हात वर करताना डोळ्याम्होरं शाळाच व्हती. म्हनलं, शहरातली शाळा कशी आसती, माडीची, चांगली. तशी आपल्या पोरास्नी मिळंल. गावाची व्हती ती म्या दिऊन टाकली, आन् कुनी घेतली बी न्हाई."

मला आमच्या पेठेतली शाळा आठवली. ती जाताना आम्ही कोणी हातसुद्धा वर केला नव्हता. आम्हाला कळलंच नव्हतं. मी आबांना तसं सांगितलं, पण त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी सगळी शाळा म्हणजे आता एकच मूल होतं, पायल, आणि ती जूनमध्ये हायवे कशी ओलांडणार हा एकच प्रश्न.

जून उजाडला. शाळा सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मी गॅसवर चहा ठेवला आणि तव्याचा आवाज आला. आवाज शाळेकडून नव्हता, हायवेकडून होता. मी गॅस बंद करून तशीच निघाले.

हायवेच्या कडेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक करंजाचं झाड आहे. त्याच्या फांदीला तारेचा नवा आकडा. तव्याला लाल रंग दिलेला, आणि त्यावर पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत काढून घेतलेलं एकच: शाळा. जिल्ह्याची नाही, शहराची नाही, राज्याची नाही. नुसती शाळा. आबा ठोके देत होते, मोजून. गल्लीतून पोरं येत होती, नवीन दप्तरं, जुनी दप्तरं, काही नुसत्याच पिशव्या. पत्र्याच्या खोल्यांतलीही आली. पायल सगळ्यांत शेवटी, केसांची रिबीन तोंडात धरून.

पोरं जमली तसा आबांनी तवा आकड्यातून काढला, दोन पावलं रस्त्यात गेले आणि तो उजव्या हाताने डोक्यावर उंच धरून उभे राहिले. ब्रेक करकचले. एक डंपर थांबला, त्यामागे एक कंपनीची बस, त्यामागे शिव्या. कॅबमधल्या एका मुलाने काच खाली करून ओरडून विचारलं, "ओ अंकल, तुम्ही ट्रॅफिकवाले आहात का? ऑथॉरिटी काय तुमची?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. स्वच्छ, ठासून म्हणाले, "हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही." आणि पोरं पलीकडे जाईपर्यंत जागचे हलले नाहीत.

याला आता पाऊस, हिवाळा सगळं होऊन गेलं. सकाळी एकदा, शाळा सुटताना एकदा. आता डंपरवाले लांबूनच गाडी हळू करतात, एक जण तर हात करतो. मीही जाते, गुरुवारची वाट न बघता. आबा थकलेत, हे मात्र जवळून दिसतं. तवा हलका नाही. परवा ते उजवा खांदा चोळत बसले होते, तेव्हा मी म्हटलं, "अहो आबा, हात दुखत असेल. एखाद्या दिवशी डाव्या हाताने धरा की."

"दुखतो की," आबा म्हणाले. "पन ह्योच व्हता त्या दिशी, वर केलेला." आणि खांद्यावरचा हात काढून घेतला.

गल्लीतून पोरं येत होती. पारूकाकू हल्ली पोरांबरोबरच येतात. पदर खोचलेला, लहानांना ओळीत उभं करायचं, रिबीन बांधायची, नाक पुसायचं, हे सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं आहे. त्यांनी पायलचं बोट धरलं, रस्त्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. इतक्या वर्षांचं ते वाक्य, पण इतक्या हळू आवाजात ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"अवो, करा हात वर. पोरं आली."

आबा उठले आणि त्यांनी हात वर केला.